कशावरून?

घरात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. अजून ती मास्तरीण झालेली नव्हती. अध्यापक विद्यालयातलं शेवटचं वर्ष चालू होतं, सराव पाठ व्हायचे होते, आणि घरच्यांच्या त्या म्हणण्यात कौतुक चिमूटभर, टोमणा ओंजळभर होता. "मास्तरीण, पुस्तक मिटा आणि ट्रे उचला," असं सासरे सकाळीच ओरडायचे. मग ती पुस्तक मिटायची, पदर खोचायची आणि ट्रे उचलायची.

घरचा धंदा रोपांचा. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं. शेतकरी बी आणून द्यायचे आणि रोपं हाताएवढी झाली की घेऊन जायचे. सासऱ्यांचा हात या कामात बसलेला होता आणि जिभेवर त्याचा गर्वही होता. फवारणीचे पंप दोन, पाठीवर अडकवायचे. पिवळा रोपांना खताचं पाणी द्यायला, निळा बांधावरचं तण मारायला. पिवळा मांडवाच्या खांबाला टांगलेला, निळा पार गोठ्यामागच्या भिंतीला. तणनाशकाचा थेंब रोपांवर पडला तर रोप गेलंच, म्हणून दोन्ही पंपांना सासऱ्यांशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा घरात नियम होता. नवऱ्यानेसुद्धा नाही.

विद्यालयात त्या वर्षी विज्ञान-अध्यापनाला नव्या बाई आल्या. बारीक अंगाच्या, आवाजही बारीक. पहिल्याच दिवशी खडू उचलून म्हणाल्या, "लिहून घ्या. बी उगवायला उजेड लागतो. अंधारात बी उगवत नाही."

सगळ्या वर्गाने लिहून घेतलं. मास्तरणीने तर खाली रेघही मारली.

"रोपांचा धंदा कोणाच्या घरी आहे?" बाईंनी विचारलं.

मास्तरीण उभी राहिली.

"बी पेरल्यावर ट्रे कुठे ठेवता?"

"एकावर एक रचून. वरून काळ्या कागदाने झाकून."

"कागद कधी काढता?"

"कोंब वर आले की."

"म्हणजे कोंब कुठे आले?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता. "अंधारात," ती पुटपुटली.

"मग हे रेघ मारून काय लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "मी सांगितलं. पण कशावरून सांगितलं, हे का नाही विचारलंत? उद्या तुमच्यासमोर मुलं बसतील. तीही अशीच माना डोलावत लिहून घेतील."

त्या दिवसापासून त्यांचं नाव 'कशावरून बाई' पडलं. कोणी काहीही म्हणो, बाईंचं 'कशावरून' ठरलेलं. मास्तरणीला त्यांचा राग आला होता. गुण देणारी बाई आधी खोटं सांगते, मग ते लिहिलं म्हणून चारचौघांत पाणउतारा करते, यात काहीतरी डाव असणार असं तिला वाटायचं. बाईंनी साधं "बसा" म्हटलं तरी ती बाक चाचपून बसायची.

आणि त्याच वर्षी उन्हाच्या दिवसांत घरी रोपं वाकडी व्हायला लागली.

आधी एका कडेचा टोमॅटो. शेंडे पिळवटलेले, पानं आत वळलेली, देठ खाली माना टाकून. सासऱ्यांनी एक रोप उपटलं, मूळ पाहिलं, पान चुरगाळून नाकाशी धरलं. दोन दिवसांत शेजारचे ट्रेही तसेच झाले. न्यायला आलेल्या शेतकऱ्याने ट्रे बघून नुसती मान हलवली आणि रिकामी गाडी वळवली. ते मान हलवणं सासऱ्यांना शिवीपेक्षा लागलं.

"हे औषध मारलंय कोणीतरी," ते जेवताना म्हणाले. "कीड नाही, रोग नाही. मुद्दाम मारलंय."

"कोण मारणार?" नवऱ्याने विचारलं.

सासऱ्यांनी बांधाकडे बघितलं. बांधापलीकडे त्यांच्या चुलत भावाचं शेत. दोघांत पाटाच्या पाण्यावरून जुनं भांडण. मागच्या हिवाळ्यात तो बांधावर उभा राहून म्हणाला होता, "बघतो तुमची रोपं कशी जगतात." रागात माणूस बोलतो, पण ते बोलणं या घरात प्रत्येकाने जपून ठेवलं होतं.

"तो मांडवात येईल कसा?" सासू म्हणाली.

"त्याला यायची गरजच काय? त्याचं माणूस आहे की आपल्याकडे."

मांडवात बाहेरचं माणूस एकच होतं, मावशी. झारीने पाणी घालायला येणारी, रापलेल्या हातांची, कमी बोलणारी बाई. एकटी राहायची आणि रोजच्या हाजरीवर जगायची. आधी ती चुलत भावाकडे कामाला होती, आणि दुपारी भाकरी खायला अजूनही त्याच्याच बांधावरच्या झाडाखाली बसायची. झाड तिथेच होतं, सावली तिथेच होती. पण एकदा मनात पाल चुकचुकली की सावलीतही माणूस दिसायला लागतो. मास्तरणीलाही दिसला.

दुसऱ्या दिवसापासून घरातले सगळे डोळ्यांत तेल घालून बसले. मावशी झारी भरताना सासू टाकीजवळ भांडी घासायला यायची. नवरा उगाच खांबाला टेकून दोरी वळायचा. मावशीला ते कळत होतं. ती झारी भरून आधी थोडं पाणी स्वतःच्या पायावर ओतून दाखवायची आणि मग रोपांकडे वळायची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

विद्यालयात तेव्हा बाई प्रयोगाबद्दल शिकवत होत्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं, आणि आपल्याला जे वाटतं ते खोटं ठरायला वाव ठेवायचा. मास्तरीण पाठाचं टाचण लिहिता लिहिता थांबली. हे आपण घरी करू शकतो, असं तिला वाटलं.

तिने चांगल्या ट्रेमधली टोमॅटोची रोपं कागदी पेल्यांत लावली. एका पेल्याला विहिरीचं पाणी, एकाला टाकीतलं, एकाला मावशीच्या झारीतलं, एकाला पिवळ्या पंपातलं. पंपाचं पाणी मागायला ती सासऱ्यांकडे गेली तेव्हा ते आधी तिच्याकडे टक लावून बघत राहिले.

"पंपावर संशय आहे तुझा?"

"नाही बाबा. पण सगळंच तपासायचं म्हटलं की पंपही आला."

त्यांनी झाकण फिरवून काढलं, पंप तिरपा करून पेल्यात पाणी ओतलं. "घे. तपास. माझा पंप आहे तो."

पेले तिने खिडकीत ठेवले. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. सगळी रोपं ताठ. इकडे मांडवात मात्र नवे ट्रे पिळवटत होते.

"म्हणजे आपल्या पाण्यात दोष नाही, झारीत नाही, पंपात नाही," ती संध्याकाळी म्हणाली. "म्हणजे कोणीतरी वरून टाकतंय."

सासऱ्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "ऐकलं? शास्त्राने सिद्ध झालं! उगाच शिकवली नाही सुनेला." लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिचं असं कौतुक कधी केलं नव्हतं. त्या रात्री तिला पहिली गरम भाकरी वाढली गेली, आणि ती तिला फार गोड लागली. खरं सांगायचं तर त्या गोडीतच तिचं डोकं चालायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी मावशी घरी निघाली तेव्हा सासऱ्यांनी तिला दारात अडवलं.

"पिशवी दाखव."

"का?"

"दाखव म्हटलं ना. मास्तरीण, तू बघ. बाईच्या पिशवीला बाईनेच हात लावावा."

मास्तरीण पुढे झाली. मावशीने पिशवी दिली नाही, नुसता हात सैल केला. आत भाकरीचं फडकं होतं, कंगवा होता, पाण्याची बाटली होती. बाटली मास्तरणीने उघडून हुंगली. मावशी बघत होती. तळाशी ओल्या कागदात गुंडाळलेली काही पिळवटलेली रोपं निघाली.

"ही कशाला?"

"तुम्ही उकिरड्यावर टाकलेली. दारात लावीन म्हटलं. जगली तर जगली."

"लावायला की दाखवायला?" सासरे कडाडले. "काम झालं म्हणून दाखवायला नेत होतीस त्याला!"

"दादा, मी टाकलेलं उचललं."

"उद्यापासून येऊ नकोस."

तेवढ्यावर ते थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाक्यावर गेले. तिथे मजूर बायका उभ्या असतात, मुकादम टेम्पो घेऊन येतो आणि ज्याच्या शेतावर जितक्या हव्यात तितक्या बसवून नेतो. सासऱ्यांनी सगळ्यांदेखत मुकादमाला सांगितलं, "हिला रोपांजवळ, पिकाजवळ नेऊ नका. आमची रोपं मारली हिने. माझ्या सुनेने प्रयोग करून सिद्ध केलंय." त्यानंतर मुकादम मावशीला टेम्पोत घेईना. टेम्पो भरून जायचा आणि ती पिशवी धरून नाक्यावर उभी राहायची. उन्हं वर आली की घरी जायची. विद्यालयाच्या गाडीतून मास्तरणीला ती रोज दिसायची. ती खिडकीतून मान वळवायची.

आणि रोपं? रोपं पिळवटतच राहिली.

"आता तो स्वतः येतो," सासरे म्हणाले. नवरा मांडवात खाट टाकून झोपायला लागला. कोणी आलं नाही. "तू झोपलास की येत असेल," सासरे म्हणाले.

सराव पाठाची तयारी म्हणून बाईंनी प्रत्येकाला एक प्रयोग वर्गासमोर मांडायला सांगितला होता. मास्तरणीने आपले पेले नेले. चांगलं धीटपणे सांगितलं. चार पाणी, चार पेले, माती एक, ऊन एक. शेवटी निष्कर्ष सांगितला. आता बाई मला चूक धरून दाखवाच, असं तिच्या मनात होतं.

"मांडणी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "मावशी गेल्यावर रोपं सुधारली?"

"नाही."

"मग?"

"मग ते चुलत सासरे स्वतः येत असतील."

"तुमचे मिस्टर तिथे झोपतात म्हणालात. त्यांना कोणी दिसलं?"

"त्यांचा डोळा लागल्यावर येत असतील."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे मावशी असली तर तिने केलं, नसली तर त्यांनी केलं. माणूस दिसला तर तो चोर, दिसला नाही तर हुशार चोर. काय झालं असतं तर तुम्ही म्हणाला असतात की आपलं चुकलं?"

मास्तरणीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "पण बाई, पंपातल्या पाण्याने रोप मेलं नाही. हे बघा, ताठ आहे."

"बघितलं. ते पाणी पेल्यात कसं घातलंत?"

"झाकण काढून. पंप तिरपा करून ओतलं."

"आणि मांडवात सासरे रोपांवर पाणी कसं मारतात? करून दाखवा."

तिने डावा हात कमरेशी नेला, हापसायची दांडी वरखाली केल्यासारखा हलवला. उजवा हात पुढे धरून फवाऱ्याची दांडी रोपांवरून फिरवली. फिरवता फिरवता हात मध्येच थांबला.

"नळीतून," ती म्हणाली.

बाई फळा पुसायला लागल्या.

रोपं वाकडी व्हायच्या आधी उन्हाच्या तडाख्याने पिवळ्या पंपाची नळी फाटली होती, ते तिला घरी येताना आठवलं. नवी नळी आणायला सासरे दोन दिवस बाजाराला जाणार नव्हते, तरी पंप दुसऱ्या दिवशी चालू झाला होता. ती गोठ्यामागे गेली. भिंतीला निळा पंप टांगलेला होता, नळीशिवाय. त्याची नळी पिवळ्याला लागली होती.

सासरे पाटावर गेले होते. तिने नियम मोडला आणि पिवळा पंप खांबावरून उतरवला. चांगली रोपं निवडून दोन पेल्यांत लावली. पंपात टाकीतलं पाणी भरून एका पेल्यात ते झाकण काढून ओतलं, दुसऱ्यावर तेच पाणी नळीतून फवारलं. मागे वळली तर सासू उभी.

"आता संशय कोणावर?" सासूने विचारलं.

मास्तरणीने नळी वर धरून दाखवली. सासूने नळीकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं आणि ती तिथेच मातीत बसली. "मी म्हटलं होतं त्यांना, नवीन आणा म्हणून," ती हळू म्हणाली. "दोनदा धुतली म्हणाले."

ओतलेल्या पाण्याची रोपं ताठ राहिली. फवारलेल्यांनी दुसऱ्या दिवशी माना टाकल्या आणि तिसऱ्या दिवशी शेंडे पिळले. तिने दोन्ही पेले सासऱ्यांसमोर ठेवले आणि काय केलं ते सांगितलं. सासऱ्यांनी पेला उचलला, पान बोटांत धरलं. इतका मोठा माणूस एवढ्याशा रोपापुढे असा बसलेला बघून तिला वाईट वाटलं.

"मी धुतली होती," ते म्हणाले.

"रबरात मुरतं बाबा. धुऊन जात नाही."

"हे घराबाहेर जाता कामा नये. आमच्या हाताने रोपं मेली म्हटल्यावर दारात शेतकरी उभा राहील का? तिला बोलावून घे. काम वाढलंय म्हणून सांग. येईल."

"आणि नाक्यावर तुम्ही बोललात ते?"

"लोक विसरतात."

"मुकादम तिला टेम्पोत घेत नाही बाबा. माझं नाव सांगून तुम्ही ते बोललात. मी सिद्ध केलं म्हणून."

"मग आता काय, सासऱ्याची अब्रू नाक्यावर नेणार? हे शिकायला पाठवलं तुला?" त्यांनी पेला आपटला. "गेलीस तर विद्यालयही बंद."

नवरा खाली मान घालून दोरी वळत राहिला.

सकाळी ती उठली, पेल्यातली माती नीट दाबली, दोन्ही पेले हातात घेऊन चालत निघाली. सासूने दाराची कडी काढून दिली.

नाक्यावर टेम्पो लागलेला होता. बायका चढत होत्या. मावशी बाजूला दुकानाच्या पायरीशी उभी होती, पिशवी पोटाशी धरून. मास्तरीण सरळ मुकादमापुढे गेली.

"या मावशींनी आमची रोपं मारली नाहीत."

मुकादमाने विडी खाली टाकली. "तुझा सासरा तर म्हणाला तू सिद्ध केलंस."

"चुकीचं केलं."

"मग आताचं बरोबर कशावरून? कामाला बाई मिळेना, म्हणून गोड बोलत असशील."

टेम्पोतल्या बायका हसल्या. मास्तरणीने पेले पुढे केले. एकाच टाकीतलं पाणी, एकाला ओतलं, एकाला नळीतून मारलं, एवढंच सांगितलं. बायकांनी पेले हातोहाती फिरवले. त्यातल्या एकीने पिळलेला शेंडा बघून, "तणाचं औषध," असं म्हटलं. नळी कोणाची, कोणी बसवली, हेही मास्तरणीने सांगितलं. "आणि पुरती खात्री न करता बोट दाखवलं ते मी," ती म्हणाली.

मुकादमाने मान हलवली. "घरचंच झेंगट होतं तर." मग पायरीकडे वळून ओरडला, "चला मावशी, बसा."

मावशी जागची हलली. टेम्पोकडे जाताना मास्तरणीच्या शेजारी थांबली. जवळून तिचा चेहरा आणखी उतरलेला दिसत होता.

"मावशी, आमच्याकडे या परत," मास्तरीण म्हणाली. "मी बाबांना समजावीन. पुन्हा असं होणार नाही."

मावशीने पिळलेल्या रोपाचा पेला तिच्या हातून घेतला, बोटाने माती दाबून पाहिली आणि परत दिला.

"नळीचं कळलं पोरी. तू आलीस, बोललीस, बरं वाटलं मला. पण पिशवी उघडलीस तेव्हा नळीचं कोणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं, टाकलेलं उचललं. ते तू मानलं नाहीस." तिने पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळले. "उद्या तुमच्याकडे दुसरं काही बिघडलं, तर पहिली माझीच पिशवी उघडणार नाहीस, हे कशावरून?"

मास्तरणीने दोन्ही पेले छातीशी धरले.

मावशी थोडी थांबली, खरंच उत्तर ऐकायचं असल्यासारखी. मग बायकांनी वरून हात दिला आणि ती टेम्पोत चढली. टेम्पो गेला. मास्तरीण दोन्ही पेले घेऊन नाक्यावर उभी राहिली, रोज मावशी जिथे उभी राहायची तिथेच.